छोटी अपार्टमेंट इमारत आणि बांधकाम परवानगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला चार-सहा गुंठ्यांचा प्लॉट, त्यावरचे जुने बैठे घर, आणि आता तिथे भावंडांसाठी व थोडे विक्रीसाठी मिळून आठ-दहा फ्लॅटची इमारत काढायची. असा विचार घेऊन येणारी कुटुंबे आम्हा वास्तुविशारदांना नेहमी भेटतात. खालचे प्रश्न त्यांनीच पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरे मुंबई वगळता महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांपुरती आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

‘किती फ्लॅट बसतील?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण तो पहिला नव्हे. समोरचा रस्ता किती रुंद आहे आणि उताऱ्यावर नावे कोणाकोणाची आहेत, हे दोन प्रश्न त्याच्या आधीचे.

१. आमच्या शहराला नेमके कोणते नियम लागू होतात?

२ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. बोलताना सगळे तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. त्याआधी प्रत्येक शहराची वेगळी नियमावली असे आणि साताऱ्याचा नियम सोलापुरात चालत नसे. आता पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरपासून छोट्या नगरपंचायतीपर्यंत एकच पुस्तक चालते. मुंबई महापालिकेची नियमावली स्वतंत्र आहे. एमआयडीसीचे क्षेत्र, लोणावळ्यासारखी थंड हवेची ठिकाणे आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झालेला भाग यांनाही वेगळे नियम आहेत.

या सगळ्याच्या मुळाशी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. परवानगीचा अर्ज त्याच्या कलम ४४ खाली होतो आणि ती मिळते किंवा नाकारली जाते कलम ४५ खाली. नियमावलीत अधूनमधून दुरुस्त्या होत असतात. त्यामुळे शेजाऱ्याला तीन वर्षांपूर्वी जे मिळाले तेच आज तुम्हाला मिळेल असे धरून चालू नका.

२. रस्त्याच्या रुंदीला एवढे महत्त्व का?

किती बांधता येईल हे मुख्यतः रस्त्यावरून ठरते म्हणून. महापालिका क्षेत्रात, गावठाणाबाहेर, मूळ चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा) १.१० आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर गोष्ट तिथेच थांबते. पैसे भरून जास्तीचा एफएसआय मिळत नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) वापरता येत नाही. रस्ता ९ ते १२ मीटर असेल तर अधिमूल्य भरून ०.५० आणि टीडीआरने ०.४० मिळून एकूण २.०० पर्यंत जाता येते. १२ ते १५ मीटरला ही मर्यादा २.२५ होते आणि पुढे रस्त्याबरोबर वाढत जाते. नगरपरिषद आणि नगरपंचायतीत हे आकडे कमी आहेत. दाट वस्तीच्या गावठाणाला वेगळा तक्ता आहे.

रस्ता टेपने मोजून निर्णय घेऊ नका. मंजूर लेआउटमध्ये किंवा विकास योजनेत तो किती दाखवला आहे ते पाहा. जागेवर आठ मीटर भरणारा रस्ता नकाशात नऊचा असतो, आणि उलटही असते.

३. चारशे चौरस मीटरच्या प्लॉटवर प्रत्यक्ष किती बांधकाम निघते?

आधी कागदावरचा हिशेब. महापालिका क्षेत्र, ९ मीटर रस्ता. मूळ एफएसआयचे ४४० चौरस मीटर, अधिमूल्याचे २००, टीडीआरचे १६०, एकूण ८००. त्यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र शुल्क भरून मिळते, म्हणजे आणखी ४८०. बेरीज १,२८०. हाच प्लॉट ६ मीटर रस्त्यावर असता तर ४४० अधिक २६४, म्हणजे ७०४. जमीन तेवढीच, पण बांधकाम जवळपास निम्म्यावर येते.

नव्या नियमावलीत हे क्षेत्र ‘पी-लाइन’ने मोजतात. मजल्याच्या बाहेरच्या कडेने रेषा फिरवायची आणि आतले सगळे, बाल्कनीसुद्धा, मोजणीत धरायचे. म्हणून १,२८० चौरस मीटर म्हणजे १,२८० चौरस मीटर चटई क्षेत्र असे समजू नये. भिंती, जिना, पॅसेज, बाल्कन्या वजा जाऊन हातात बरेच कमी उरते.

आता खरी अडचण. इमारत १५ मीटरपेक्षा उंच झाली की बाजूची आणि मागची मोकळी जागा उंचीच्या पाचव्या भागाइतकी सोडावी लागते. अंतराच्या हिशेबात धरायची उंची २० मीटर असेल, तर प्रत्येक बाजूला ४ मीटर. प्लॉट १६ मीटर रुंद असेल तर दोन्ही बाजू सोडून इमारतीला उरतात ८ मीटर. त्यात जिना आणि लिफ्ट बसवल्यावर खोल्या लांबट आणि अंधाऱ्या होतात. आणखी एक मजला चढवायला जावे तर अंतर वाढते आणि रुंदी आणखी घटते. मिळू शकणारा एफएसआय अरुंद प्लॉटवर पुरता वापरता येत नाही तो यामुळेच. दलाल सांगतात तो आकडा गुणाकाराने काढलेला असतो, त्यात मोकळ्या जागा धरलेल्या नसतात. टीडीआर विकत घेण्याआधी नकाशा काढून घ्या आणि त्यात तो मावतो का ते बघा.

४. आमचा रस्ता सहा मीटरचाच आहे. काही मार्ग आहे का?

महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त रस्त्याची नवी रेषा आखू शकतात. दोन्ही बाजूंच्या मालकांनी पट्टी सोडून रस्ता ९ मीटर करायचा, अशी ती कल्पना. पुण्यात २०२० साली सहा मीटरचे अनेक रस्ते अशा रीतीने नऊ मीटर करण्याचा विषय चांगलाच गाजला होता. तुमच्या रस्त्याचा असा प्रस्ताव झाला आहे का, हे नगररचना विभागात विचारा. झाला नसेल तर एकट्या मालकाच्या अर्जाने तो होत नाही, गल्लीने मिळून पुढे जावे लागते.

तोवर १.१० मध्ये चांगली इमारत करता येते, हे मला मनापासून सांगायचे आहे. स्टिल्टवर, म्हणजे पार्किंगसाठी खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या तळमजल्यावर, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरे, तिन्ही बाजूंनी उजेड. रस्ता रुंद होईल या आशेवर पंधरा वर्षे जुन्या गळक्या घरात काढलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

५. वडील वारले. प्लॉट आम्हा दोघा भावांचा. लग्न झालेल्या बहिणींच्या सह्या लागतात का?

लागतात. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या मालमत्तेत मुली मुलांच्या बरोबरीने वारस आहेत आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींना जन्मतः समान हक्क दिला आहे. लग्नाने त्यात फरक पडत नाही. आई हयात असेल तर तीही वारस आहे.

महापालिका मालकीचा निवाडा करत नाही. उतारा आणि खरेदीखत पाहून ती अर्ज घेते. म्हणून काही जण जुन्या उताऱ्यावर अर्ज रेटतात आणि परवानगीही पदरात पाडून घेतात. मग अर्धी इमारत उभी राहिल्यावर बहिणीची दिवाणी न्यायालयाची नोटीस येते आणि फ्लॅट घेणाऱ्याची बँक कर्ज थांबवते. आधी वारस नोंद करून घ्या. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत करा. सोडत नसेल तर तिच्या वाट्याचा फ्लॅट आराखड्यातच धरा. भांडण टाळण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

६. अर्जासोबत कोणती कागदपत्रे लागतात?

सातबारा उतारा किंवा शहर हद्दीत मालमत्ता पत्रक, खरेदीखत, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा (याला ‘क’ प्रत म्हणतात), मंजूर लेआउटची प्रत, विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला, मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, कुलमुखत्यारपत्र असेल तर त्याची नोंदणीकृत प्रत. शिवाय वास्तुविशारदाचे व संरचना अभियंत्याचे नेमणूकपत्र.

यात सर्वात जास्त वेळ खाते ती मोजणी, म्हणून तिचा अर्ज सगळ्यात आधी टाका. मोजणीत प्लॉटचे क्षेत्र उताऱ्यापेक्षा कमी निघाले तर एफएसआयसाठी कमी असलेले क्षेत्र धरले जाते. कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेले असते तेही याच वेळी कळते, आणि पाया खणण्याआधी कळलेले बरे.

७. एनए परवानगी वेगळी काढावी लागते का?

विकास योजनेत रहिवास विभागात असलेल्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र बिनशेती परवानगी मागण्याची गरज उरलेली नाही. जमीन महसूल अधिनियमात कलम ४२-अ आणि त्यापुढची कलमे त्यासाठीच घातली गेली. महसूल खात्याची देणी असतील तर ती मात्र भरावी लागतात. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी महसूल खात्याची मंजुरी आणि नजराण्याचा निकाल लावून घ्यावा लागतो, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

८. आमचा प्लॉट गुंठेवारीतला आहे. लेआउट कधी मंजूरच झाला नव्हता.

मग आधी गुंठेवारी नियमित करून घ्या. त्यासाठी २००१ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात घेतले आहे. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हाती नसताना नव्या इमारतीचा अर्ज केला तर तो पहिल्याच तपासणीत परत येतो. आरक्षणातले, पूररेषेतले किंवा सरकारी जमिनीवरचे गुंठेवारी प्लॉट नियमित होत नाहीत. अशा प्लॉटच्या नोटरी केलेल्या साठेखतावर इमारत बांधून देतो असे कोणी सांगत असेल, तर तिथून सरळ उठा.

९. वास्तुविशारद, अभियंता, आरसीसी सल्लागार… एवढे सगळे कशाला? ठेकेदारच नकाशा पास करून देतो म्हणतो.

अर्ज करण्याचा अधिकार ठेकेदाराला नाही. तो वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी असलेल्या वास्तुविशारदाला किंवा पालिकेचा परवाना असलेल्या अभियंत्याला आहे. अपार्टमेंटसाठी संरचना अभियंता वेगळा लागतो आणि देखरेखीची जबाबदारी कोणाची हे लेखी द्यावे लागते. ठेकेदार ‘पास करून देतो’ तेव्हा कोणाची तरी सही तो विकत घेत असतो. सही करणाऱ्याने प्लॉट पाहिलेलाही नसतो.

माती परीक्षणाचे पैसे वाचवू नका. काळ्या मातीच्या भागात, सोलापूर, परभणी, नागपूर पट्ट्यात तर अजिबात नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया उथळ असेल तर भिंतींना तिरप्या भेगा जातात.

१०. अर्ज दिल्यापासून परवानगीपर्यंत नेमके काय होते?

अर्ज ऑनलाइन जातो. राज्याची बीपीएमएस प्रणाली आहे, काही महापालिकांची स्वतःची आहे. नकाशा ठरावीक लेअरमध्ये काढलेला असावा लागतो, कारण पहिली तपासणी सॉफ्टवेअर करते. इथे किती बारीक गोष्टीने अडते पाहा: पी-लाइनचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला जोडायचे राहिले की त्या मजल्याचे क्षेत्र चुकीचे वाचले जाते आणि अख्खा अहवाल लाल होऊन परत येतो. मालकाला वाटते पालिकेने अडवले. प्रत्यक्षात कारण दोन मिलिमीटरची फट असते. म्हणून ‘त्रुटी निघाल्या’ असे कळले की त्रुटींची यादी स्वतः मागून वाचा. निम्म्या त्रुटी आपल्याच बाजूच्या असतात.

त्यानंतर कनिष्ठ अभियंता जागा पाहतो. रस्ता, हद्द, झाडे, जुने बांधकाम, नाला, वरून जाणारी विजेची तार हे सगळे नकाशाशी ताडून बघतो. वाटेत अग्निशमन, उद्यान, मलनिःसारण अशा विभागांचे अभिप्राय लागू असतील तसे घेतले जातात. मग शुल्काचे चलन निघते (प्रश्न १२). ते भरले की मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कुदळ मारायची नाही.

काम सुरू झाल्यावर जोत्यापर्यंत आले की पालिकेला कळवावे लागते. बाजूचे अंतर अर्ध्या फुटाने कमी पडले असेल तर ते इथे दुरुस्त होऊ शकते. चौथ्या मजल्यावर गेल्यावर नाही.

११. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरतात म्हणे?

कलम ४५(५) मध्ये तशी तरतूद आहे, पण तिला अट जोडलेली आहे. प्रस्ताव नियमावलीत आणि विकास योजनेत तंतोतंत बसणारा असला पाहिजे. शिवाय पालिकेने मधे माहिती मागवली असेल तर दिवस तिच्या पूर्ततेपासून मोजतात. मानीव परवानगीवर अपार्टमेंट बांधू नका असेच मी सांगेन. एखादी बाब नियमाबाहेर निघाली तर पुढच्या सगळ्या मजल्यांना अनधिकृत ठरवले जाऊ शकते, आणि मानीव परवानगीवर कर्ज देणारी बँक शोधून सापडत नाही.

परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली तर कलम ४७ खाली ४० दिवसांच्या आत शासनाकडे अपील करता येते. नकाराची कारणे लेखीच मागा.

छोट्या घरांसाठी मुदती वेगळ्या आहेत. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ठरलेल्या मर्यादेतले घर असेल तर नकाशा सादर करून आणि शुल्क भरून काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला जलद प्रक्रिया आहे. अपार्टमेंटवाल्यांनी मात्र चार-सहा महिने हाताशी ठेवूनच भाड्याच्या घराचा करार करावा.

१२. पालिकेला एकूण किती पैसे भरावे लागतात?

सरसकट आकडा सांगता येत नाही, कारण मोठ्या रकमा तुमच्या भागाच्या रेडीरेकनर दरावर (शासनाने ठरवलेल्या मालमत्तेच्या दरावर) बेतलेल्या असतात. छाननी शुल्क किरकोळ असते. विकास शुल्क त्याहून मोठे. जास्तीच्या एफएसआयचे अधिमूल्य आणि पूरक क्षेत्राचे शुल्क या दोन रकमा सगळ्यात जड जातात. टीडीआर बाजारातून घ्यायचा असतो, त्याचे पैसे पालिकेला नव्हे तर प्रमाणपत्रधारकाला जातात. याशिवाय बांधकाम कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. तो कायद्याने १९९६ पासून आहे आणि चुकवता येत नाही.

हप्त्यांची सोय उपलब्ध आहे का ते चलन निघण्याआधी विचारा. रेडीरेकनरचे नवे दर साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात, त्यामुळे मार्चअखेरीस अडकलेले प्रकरण महाग पडू शकते. पायाच्या खोदाईची माती प्लॉटबाहेर नेणार असाल तर गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून घ्या. ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि डंपर पकडल्यावर धावपळ करतात.

१३. खाली पूर्ण पार्किंग सोडले तर इमारत कमकुवत होते का?

प्रश्न अगदी योग्य आहे आणि फार कमी लोक विचारतात. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादसारख्या दूरच्या शहरात ज्या इमारती कोसळल्या, त्यांत खाली नुसते खांब आणि वर भिंतींचे जड मजले असलेल्या बऱ्याच होत्या. धक्का बसला की खालचा मोकळा मजला आधी वाकतो. आयएस १८९३ आणि आयएस १३९२० या भारतीय मानकांत यावर उपाय सांगितले आहेत: खालच्या मजल्यात काँक्रीटच्या भिंती द्याव्यात, खांबांच्या रिंगा टोकांशी जवळजवळ घालाव्यात, रिंगेचे हूक आत वळवावेत. कोयनेच्या आसपासच्या भागात तर यात तडजोड नकोच. स्लॅबच्या आदल्या दिवशी संरचना अभियंत्याने सळई स्वतः पाहिली का, एवढे मालकाने विचारले तरी पुरे.

पार्किंगच्या नियमात मोटारीसाठी २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ बाय २ मीटर जागा धरतात. किती गाड्या, हे फ्लॅटच्या चटई क्षेत्रावर ठरते. खांब या चौकोनांच्या मधे येऊ नयेत म्हणून वरच्या खोल्यांची आखणी पार्किंगपासून सुरू करावी लागते. नंतर पार्किंगला भिंती घालून दुकान किंवा वॉचमनची खोली करायची, हा बेत असेल तर प्रश्न १९ वाचा.

१४. लिफ्ट, अग्निशमन, पावसाचे पाणी यातले काय सक्तीचे आहे?

तळमजल्यावर पार्किंग आणि वर चार मजले असतील तर लिफ्ट धराच, नियम काहीही म्हणो. आईवडील याच घरात म्हातारे होणार आहेत. लिफ्टसाठी २०१७ च्या राज्य कायद्याखाली वेगळा परवाना लागतो आणि दरवर्षी तपासणी होते. अग्निसुरक्षेला २००६ चा महाराष्ट्र कायदा आहे. उंची वाढेल तशा अटी कडक होतात, म्हणून एक मजला वाढवण्याआधी अग्निशमनाचा खर्च विचारून घ्या.

प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पर्जन्यजल संचयन सक्तीचे आहे. लहान असेल तरी बोअरवेलशेजारी शोषखड्डा करायला फार खर्च येत नाही, मराठवाड्यात राहत असाल तर नक्की करा. दहा टक्के मोकळ्या जागेची अट ४,००० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटना आहे, तुम्हाला नाही.

१५. शेजारी म्हणतो, मी हरकत घेऊन परवानगी रोखीन. रोखू शकतो का?

नुसत्या हरकतीने नाही. तुमच्या प्लॉटवर, नियमाप्रमाणे अंतर सोडून बांधत असाल तर ‘माझा वारा अडतो’ हे कारण पालिकेत टिकत नाही. हद्दीचा वाद, वहिवाटीचा रस्ता किंवा न्यायालयाचा मनाई हुकूम ही मात्र खरी कारणे आहेत. पाया खणताना त्याच्या भिंतीला तडा जाऊ नये याची जबाबदारी तुमची. काम सुरू होण्याआधी त्याच्या घराचे तारखेसह फोटो काढा, त्याच्यासमोरच काढा. अर्धे वाद त्यानेच मिटतात.

प्लॉटवर झाड असेल तर ते तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी लागते, बांधकाम परवानगीत ती येत नाही.

१६. आठच फ्लॅट आहेत. महारेरा नोंदणी लागेल का?

रेरा म्हणजे स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम ३ प्रमाणे प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे. आठची मोजणी सगळे टप्पे धरून करायची, आणि तुमच्या कुटुंबाने ठेवलेले फ्लॅटही त्यात येतात. म्हणजे ६०० चौरस मीटरवर दहा फ्लॅट, त्यातले तीन स्वतःला, तरी नोंदणी लागणार. बिल्डरबरोबर विकसन करार केला असेल आणि विक्रीत वाटा असेल तर जमीनमालकाचे नावही प्रवर्तक म्हणून लागते.

सूट मिळाली म्हणून खरेदीदाराप्रती जबाबदारी कमी होत नाही. १९६३ चा मोफा म्हणजे फ्लॅट मालकीचा राज्य कायदा आहेच. नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशाची प्रत, सोसायटी किंवा अपार्टमेंटची घोषणा आणि जमिनीचे हस्तांतरण हे सगळे करून द्यावेच लागते. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करायचे तर एका इमारतीत किमान पाच गाळे लागतात.

१७. परवानगी मिळाली पण पैशाअभावी काम सुरूच झाले नाही. ती किती दिवस टिकते?

दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षे. काम मुदतीत सुरू होऊन जोत्यापर्यंत आले असेल तर ती इमारत पूर्ण होईपर्यंत टिकते. चार वर्षे उलटली तर नवा अर्ज, आणि त्या दिवशीचे नियम व दर.

१८. प्लॉटच्या काही भागावर आरक्षण आहे, किंवा नदीजवळ आहे. संपले का सगळे?

रस्तारुंदीसाठी पट्टी जात असेल तर फार बिघडत नाही. ती पालिकेच्या ताब्यात दिली की तिचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो. शाळा-बागेचे आरक्षण असेल आणि विकास योजना लागू होऊन दहा वर्षे झाली तरी पालिकेने जागा घेतली नसेल, तर कलम १२७ ची खरेदी सूचना देता येते. नंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. ही सूचना वकिलाकडूनच द्या, तिच्यात एक कागद कमी पडला तरी वर्षे वाया जातात.

नदीकाठी दोन पूररेषा पाहायच्या, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत नवी इमारत होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींवर होते आणि जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यावे लागते. सांगली-कोल्हापुरात २०१९ चा पूर पाहिलेल्यांना ही अट जाचक वाटणार नाही. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. विमानतळाजवळ उंचीचा दाखला लागतो.

१९. बांधता बांधता थोडा बदल केला. शेवटी सुधारित नकाशा देऊन चालेल ना?

आतली भिंत किंवा दार सरकले असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (पूर्ण इमारत वापरण्याची पालिकेची परवानगी) घेताना प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा देऊन जमते. बाहेरची रेषा, उंची, फ्लॅटची संख्या, जिना किंवा पार्किंग बदलत असेल तर बदल करण्याआधी सुधारित परवानगी घ्यावी लागते. एफएसआय शिल्लक असेल तर दंड भरून काही गोष्टी नियमित होतात. बाजूच्या अंतरातले बांधकाम आणि बंद केलेले पार्किंग सहसा होत नाही, ते पाडावे लागते. फ्लॅट विकले गेले असतील तर बदलाला खरेदीदारांची संमतीही लागते, हे विसरू नका.

२०. लोक तर राहायला गेले, वीज-पाणी आहे, घरपट्टी भरतो. मग भोगवटा प्रमाणपत्र कशाला?

घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो, उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली शास्ती म्हणून दुप्पट लागू शकतो. भोगवटा नसेल तर पाण्याची जोडणी तात्पुरती किंवा जास्त दराने मिळते, फ्लॅट पुन्हा विकताना खरेदीदाराची बँक अडते आणि वीस-तीस वर्षांनी पुनर्विकास करताना सगळे सभासद एकमेकांची तोंडे पाहतात. पूर्णत्वानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, हाही त्याचा थेट फायदा.

प्रमाणपत्रासाठी पूर्णत्वाचा दाखला, संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना, लागू असेल तर अग्निशमनाचा अंतिम दाखला, ड्रेनेज जोडणी आणि प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे लागतात. ठेकेदाराचा आणि सल्लागारांचा शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्राला जोडून ठेवा. हे करारातच लिहा. इमारत रंगवून झाली की सगळ्यांचा उत्साह संपतो आणि ही फाइल कपाटात पडून राहते. एक मजला पूर्ण झाला असेल आणि तिथे जाणे भाग असेल तर अंशतः भोगवटाही मागता येतो.

२१. आमचा प्लॉट शहराबाहेर ग्रामपंचायतीत आहे. सरपंचांचा दाखला पुरेल का?

अपार्टमेंटला नाही. गावठाणात लहान घरासाठी ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते. गावठाणाबाहेर मंजुरी जिल्हाधिकारी देतात, नगररचना विभागाच्या शिफारशीने, आणि पीएमआरडीएसारखे (पुणे महानगर प्रदेशाचे) विकास प्राधिकरण असेल तर ते देते. चार मजली इमारतीला फक्त ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला असेल तर ती घेणाऱ्यांनी आणि बांधणाऱ्यांनीही थांबावे. गाव पुढे महापालिकेत गेले की अशा इमारतींनाच पहिल्या नोटिसा येतात.